सोवळ्यातला कॅमेरा

तुंगात्या "माझा एक फोटो काढ रे" म्हणाली तेव्हा बिंदुमाधवची अर्धी दाढी व्हायची होती. ती तशीच ठेवून, एका गालावर साबण घेऊन तो हॉलमध्ये येऊन उभा राहिला. एवढं हरखायला काय झालं, असं तुम्हाला वाटेल. तर सांगतो. फोटोग्राफीचा नाद लागून बिंदुमाधवला बरीच वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत आपण होऊन त्याच्याकडे फोटो मागणारं हे पहिलं माणूस. रविवारी उजाडायच्या आत कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर जायचं, झुडपात बसून डास चावून घ्यायचे आणि पाणकावळ्याचे फोटो घेऊन यायचे, असा त्याचा नेम. पाणकावळा पंख पसरून, पाणकावळा पंख मिटून, पाणकावळा बिंदुमाधवकडे पाठ करून. घरात ते कुणी बघत नसे. बायको श्रीविद्या एकदाच बघायला बसली होती, ती "हा मघाचाच ना?" असं विचारून भाजी ढवळायला उठून गेली. मेटगळ्ळीच्या पंपाच्या कारखान्यात बिंदुमाधव क्वालिटी इन्स्पेक्टर. त्याच्या शिक्क्याशिवाय तिथून पंप हलत नसे. घरी मात्र आपल्या कलेला कुत्रं विचारत नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं.

तुंगात्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं आणि हेडमिस्ट्रेस होऊन रिटायर झाली. बिंदुमाधवची आई लवकर गेली, त्यामुळे त्याला वाढवलं तेही हिनंच, म्हणजे ओरडून ओरडून. आता ऐंशीला आली तरी आवाज तसाच खणखणीत होता आणि सोवळंही तितकंच कडक. आमच्या म्हैसूरकडच्या मराठी घरांत सोवळ्याला मडी म्हणतात. सकाळी आंघोळ करून आत्या काठीवर वाळत घातलेलं मडीचं लुगडं नेसली, की पूजा आटपेपर्यंत घरात संचारबंदी. श्रीविद्या भिंतीला चिकटून चालायची आणि बिंदुमाधव खुर्चीवर पाय वर घेऊन पेपर वाचायचा.

"फोटो कशाला हवाय गं?" त्यानं विचारलं.

"भिंतीवर लावायला. मी गेल्यावर."

"अय्यो, काय बोलतेस आत्या!"

"त्यात अय्यो काय? मी काय इथं कायमची राहायला आलेय? आमच्या वादिराजचं काय झालं, बघितलंस ना?"

वादिराज म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, बिंदुमाधवचा काका. तो अचानक गेला तेव्हा घरात त्याचा एक धड फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्याला कापून मोठा केला. त्यामुळे हार घातलेल्या फ्रेममध्ये काका बदाम दुधाचा ग्लास धरून उभा आहे, आणि त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी अंगठ्या घातलेला हात आहे. तो हात कुणाचा, याचा तपास अजून लागलेला नाही. दरवर्षी श्राद्धाला सगळे काकाबरोबर त्या हातालाही नमस्कार करतात.

"माझ्या खांद्यावर कुणाचा हात नको," आत्या म्हणाली. "आणि फोटो मडीतलाच पाहिजे. लोक पाया पडणार त्या फोटोच्या. पाया पडायचं माणूस ओवळ्यात कसं चालेल? देवघरात पूजा चाललेली असताना काढ. पण तू आत यायचं नाहीस. तुझ्या त्या डबड्याला चामड्याचा पट्टा आहे, आणि तो कुठं कुठं ठेवतोस ते मला माहीत आहे. हॉलच्या त्या टोकाला उभं राहायचं. देवाच्या तोंडावर लाईट मारायचा नाही. आणि मला हसायला सांगायचं नाही."

"जमेल," बिंदुमाधव म्हणाला.

"नसेल जमत तर आत्ताच सांग. स्टुडिओवाल्याला बोलावते."

या वाक्यानं घात केला. स्टुडिओवाला म्हणजे काय, हे बिंदुमाधवला ठाऊक होतं. तो आत्याच्या मागं रंगीत कारंज्यांचा पडदा लावणार, तिचा रंग उजळणार आणि तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या पुसून टाकणार. आपल्याला वाढवलेल्या बाईचा शेवटचा फोटो, आणि तो परक्यानं काढायचा? मग आपण इतकी वर्षं डास चावून घेतले ते कशासाठी? त्यानं उरलेली दाढी आवेशात केली आणि हनुवटी कापून घेतली.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स लावून तो हॉलच्या टोकाला उभा राहिला. देवघर म्हणजे हॉलच्या दुसऱ्या बाजूची अंधारी खोली. उजेड काय तो दोन समयांचा. आत्यानं मंगळारती ओवाळली, बिंदुमाधवनं श्वास रोखून बटण दाबलं. फोटो बघितला तर सगळीकडे काळंकुट्ट आणि मधोमध दोन पिवळे ठिपके.

"मांजर छान आलंय," श्रीविद्या म्हणाली.

शेजारचा पद्मनाभ हे ऐकत फाटकाशी उभा होता. हा मुलगा हेब्बाळच्या मोठ्या आयटी कंपनीत होता. स्वतःजवळ कॅमेरा नव्हता, पण जगातल्या प्रत्येक कॅमेऱ्यावरचे व्हिडिओ त्यानं कंपनीच्या बसमध्ये बसून पाहिले होते, आणि ज्याच्याजवळ ती वस्तू नसते त्याचं ज्ञान फार शुद्ध राहतं. तो म्हणाला, "अंकल, प्रॉब्लेम तुमच्यात नाही. लेन्समध्ये आहे."

इतकं गोड वाक्य बिंदुमाधवनं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. कारखान्यात सायबांचं आणि घरी सगळ्यांचं म्हणणं नेमकं याच्या उलट असायचं. त्यानं पद्मनाभला आत बोलावून कॉफी दिली.

"फास्ट लेन्स घ्या अंकल. प्राइम. झूम बेडाच, नकोच. मोठं अपर्चर असलं की लाईट धो धो आत येतो. समईवर सुद्धा मस्त निघतो फोटो."

बिंदुमाधवनं ती लेन्स मागवली. पद्मनाभ खोटं बोलला नव्हता. उजेड खरंच धो धो आला. पण या लेन्सला झूम नव्हता. माणूस मोठं दिसायला हवं असेल तर आपल्याच पायांनी जवळ जायचं, असा तिचा हिशेब. आणि जवळ जायला तर बंदी! आत्या फोटोत करंगळीएवढी आली. मग बिंदुमाधव एका पायावर उभा राहून देवघराच्या दिशेनं झुकला. मागून श्रीविद्यानं त्याचा शर्ट धरून ठेवला. तो आणखी झुकला. आत्या घंटा वाजवता वाजवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. तो जितका पुढं येई तितकी ती घंटा जोरात वाजवी. शेवटी शर्टाचं बटण तुटलं आणि बिंदुमाधव हॉलमध्ये पालथा पडला. पडता पडता काढलेला फोटो मोठा करून पाहिला, तर समईची वात अशी स्वच्छ आलेली की तिच्यावरची काजळीसुद्धा दिसावी, आणि तिच्यामागं धुकं. त्या धुक्यात आत्या होती. समई भिंतीवर लावायची असती तर प्रश्न तिथंच मिटला असता.

"अंकल, हे डेप्थचं आहे," पद्मनाभ म्हणाला. "दुरून काढायचं तर टेली पाहिजे. मोठी लेन्स."

इथं शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण एकदा लेन्स बदलायची चटक लागली की माणसाला आपल्या प्रत्येक चुकीवर बाजारात औषध आहे असं वाटायला लागतं. बिंदुमाधव कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून लेन्सांची परीक्षणं वाचायला लागला. नागरहोळेत वाघ शोधून शोधून गुडघे गेलेले एक गृहस्थ आपली जुनी मोठी लेन्स काढून टाकत होते, ती त्यानं घेतली. ती त्याच्या कॅमेऱ्यावर बसेना, म्हणून मध्ये बसवायचं अडॅप्टर घेतलं. मग त्या वजनानं कॅमेराच पुढं लवंडायला लागला, म्हणून ट्रायपॉड घेतला. असा सगळा सरंजाम हॉलमध्ये उभा राहिला तेव्हा श्रीविद्यानं विचारलं, "घरी पण पंप आणायला लागलात का?"

आता गंमत अशी झाली की ही लेन्स फारच लांबचं बघणारी निघाली. हॉलच्या टोकावरून लावली, तर अख्ख्या फोटोत आत्याच्या नाकातली चमकी तेवढी मावली. बिंदुमाधव मागं सरकला. दारात गेला, तर नाक आलं. अंगणात गेला, तर डोळे आले. फाटकाबाहेर रस्त्यावर गेला तेव्हा कुठं चेहरा आला, पण तिथं भाजीची हातगाडी उभी होती. अजून मागं जायचं तर समोर हयग्रीवरावांचा व्हरांडा. आमच्या हिनकलमध्ये हा वसाहतीचा लेआउट पडला तेव्हा सगळ्यांनी एकाच वास्तुपंडिताला विचारून घरं बांधली, त्यामुळे हयग्रीवरावांचा व्हरांडा, बिंदुमाधवचं फाटक, दार, हॉल आणि देवघर हे सगळं एका रेषेत. बिंदुमाधवला वाटलं, वास्तुपंडिताला फोटोग्राफी कळत असणार.

हयग्रीवराव म्हणजे लेआउटच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. वीज खात्यातून रिटायर झाल्यापासून त्यांना दोनच कामं होती, दसऱ्याच्या फ्लॉवर शोसाठी डेलिया वाढवणं आणि लोकांना सल्ला देणं. व्हरांडा द्यायला ते तयार झाले, पण आधी डेलियाचे फोटो काढायला लावले. समोरून, बाजूनं, आणि स्वतः मागं उभे राहून. मग त्यांनी लेन्सकडे निरखून बघितलं.

"एवढी मोठी कशाला पाहिजे होती हो? आमच्या जावयाजवळ एवढीशी आहे. शिवाय तुम्ही उभे चुकीचे आहात. माझं ऐका, उकिडवे बसा."

बिंदुमाधव उकिडवा बसला. समोर रस्त्यापलीकडे, दोन दारांच्या पलीकडे आत्या देवघरात उभी होती, आणि खरं सांगायचं तर लेन्समधून ती फार सुंदर दिसत होती. पांढऱ्या केसांवर समईचा उजेड, हातात आरती, ओठ हलताहेत. बिंदुमाधवचा ऊर भरून आला. लहानपणी तापात उशाशी बसलेली आत्या अशीच दिसायची. त्यानं बटणावर बोट ठेवलं, आणि हेब्बाळची कंपनी बस येऊन नेमकी मध्ये थांबली. पद्मनाभ धावत आला, बसमध्ये चढला, खिडकीतून हात हलवून म्हणाला, "ऑल द बेस्ट अंकल!" बस गेली तोवर आरती संपली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा ती तोफेसारखी लेन्स लावली. त्या दिवशी बस लवकर येऊन गेली आणि फोटो निघालाही, पण इतक्या लांबून, इतक्या कमी उजेडात कॅमेरा जरासा थरथरला तरी फोटोत भूकंप होतो. आत्याला चार हात आले. "देवीच दिसतेय की," हयग्रीवराव म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोंधळ उडाला. कुणीतरी लिहिलं, सेक्रेटरींच्या व्हरांड्यात एक माणूस रोज सकाळी उकिडवा बसून समोरच्या घरात दुर्बीण लावतो. कुणी विचारलं, कोण आहे तो? कुणी फोटो टाकला. फोटो पाठमोरा होता, बनियनवरचा. कुणी लिहिलं, पोलिसांना कळवा. बिंदुमाधवनं लिहिलं, "तो मी आहे आणि ते घर माझंच आहे." यावर एकानं विचारलं, "मग आतूनच का बघत नाही?" या प्रश्नाला लोकांनी इतके अंगठे दिले की बिंदुमाधव त्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालायलाही गेला नाही.

हयग्रीवरावांनी कठोर कारवाई केली. लेआउटमध्ये शूटिंग करायचं तर सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्यायचा, त्यावर प्रेसिडेंटची सही आणायची, आणि जिथं शूटिंग करायचं त्या घरमालकाची ना हरकत जोडायची. सेक्रेटरी तेच, घरमालकही तेच. घरमालक म्हणून त्यांची हरकत नव्हती. पण सेक्रेटरी म्हणून त्यांना आधी घरमालकाशी बोलावं लागेल, असं ते गंभीरपणे म्हणाले. प्रेसिडेंट मुलीकडे अमेरिकेला गेलेले. बिंदुमाधव तोफ खांद्यावर टाकून घरी आला.

आत्या जपमाळ घेऊन बसली होती. "काय रे, फोटो काढायला सांगितला तर रस्ता ओलांडून पळतोस? लोक विचारतात मला, भाचा घर सोडून गेला का म्हणून. बिडू, सोड ते. उद्या स्टुडिओवाल्याला फोन कर."

"नको," बिंदुमाधव इतक्या जोरात म्हणाला की तिनं माळ थांबवली. "आत्या, एकदा. फक्त आणखी एकदा."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, आत्यानं मान हलवली.

आता या कथेतला सगळ्यात महागडा विचार येतो. पद्मनाभचं म्हणणं, आता कॅमेऱ्याची बॉडीच बदला. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात हात थरथरला तरी फोटो थरथरत नाही. बिंदुमाधव त्या नव्या कॅमेऱ्याचं माहितीपत्रक वाचत बसला होता, आणि वाचता वाचता एका ओळीवर थबकला. वेदर सीलिंग. धूळ आणि पाण्यापासून संरक्षण. सोबत जाहिरातीचा फोटो, कॅमेऱ्यावर पाण्याचे थेंब टपटप पडताहेत. दुसऱ्या कुणी ती ओळ वाचली असती तर त्याला धबधबा आठवला असता, पाऊस आठवला असता. बिंदुमाधवला मडी आठवली. ज्याला पाणी चालतं त्याला आंघोळ चालते, आणि ज्याला आंघोळ चालते ते सोवळ्यात येऊ शकतं! एवढ्या लांबून काढायची भानगडच नको. आपण आंघोळ करायची, कॅमेऱ्याला आंघोळ घालायची, आणि दोघांनी मिळून थेट देवघरात जायचं. आपल्या बुद्धीचं त्याला इतकं कौतुक वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

त्यानं प्रस्ताव आत्यापुढं मांडला. आत्यानं चष्मा लावला आणि गणित तपासावं तसं एकेक विचारायला लागली.

"कशाचा आहे?"

"धातूचा. मॅग्नेशियम."

"धातूला पाण्यानं शुद्धी आहे. पुढं?"

"पुढं काच."

"काचेचं मी बघते. पट्टा?"

"पट्टा लावणारच नाही. सुती नाडी बांधतो."

"आणि हे काय काळं काळं, पकडायला? चामडं दिसतंय."

"रबर असणार गं."

"असणार म्हणजे? उत्तर असणार असं कधी असतं का? नक्की विचार."

म्हणून बिंदुमाधवनं कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आपल्या कॅमेऱ्याच्या पकडीला जनावराचं कातडं आहे का, हा प्रश्न त्यानं मराठीत, कन्नडात, हिंदीत आणि शेवटी इंग्रजीत विचारला. पलीकडची मुलगी प्रत्येक वेळी "कॅमेरा एकदा बंद करून चालू करा सर" म्हणे. कॅमेरा अजून घ्यायचाय, असं सांगितल्यावर तिनं विक्री विभागाला जोडून दिलं. तिथला माणूस म्हणाला, अस्सल लेदरचं कव्हर वेगळं मिळतं, पाठवू का? बिंदुमाधव किंचाळला, "बेडा!" बरेच फोन झाल्यावर कुणीतरी वरिष्ठानं लेखी कळवलं की पकड कृत्रिम रबराची आहे. आत्यानं ते दोनदा वाचलं आणि होकार दिला.

देवराज अर्स रोडवरच्या दुकानात जुनी बॉडी, प्राइम, तोफ, अडॅप्टर सगळं देऊन त्यानं नवी बॉडी आणि एक छोटी लेन्स घेतली. जुना कॅमेरा काउंटरवर ठेवताना त्याला गलबलून आलं. किती पाणकावळे पाहिले होते दोघांनी. दुकानदारानं विचारलं, "सर, पावसात वापरणार का?"

"तसंच काहीसं," बिंदुमाधव म्हणाला.

"हलका पाऊस चालेल सर. बॉडी सील्ड आहे. लेन्सचं मात्र..."

पण तोवर बिंदुमाधव खोका घेऊन स्कूटरपर्यंत पोचला होता. आनंदात असलेला माणूस वाक्य शेवटपर्यंत ऐकत नाही.

ठरलेल्या सकाळी बिंदुमाधव आंघोळ करून, मडीचं धोतर नेसून न्हाणीघराच्या दारात उघडा उभा राहिला. मधोमध पाट, पाटावर कॅमेरा, त्याला पांढरी सुती नाडी. बिंदुमाधवची कल्पना अशी की तुळशीपत्रानं चार थेंब शिंपडायचे आणि मऊ पंच्यानं टिपायचं. त्यानं कॅमेरा चालू करून ठेवला होता, सगळं लावून ठेवलं होतं. माणसाचा डोळा दिसला की कॅमेऱ्यानं आपण होऊन तो पकडायचा, अशी सोय नव्या बॉडीत होती. एकदा मडीत शिरल्यावर खाटखूट नको म्हणून.

आत्या तांब्याचा हंडा घेऊन आली.

"आत्या, थेंबभरच हं."

"आंघोळ म्हणजे आंघोळ. थेंबभर आंघोळ करून तुला कधी शाळेत पाठवलं होतं का?" असं म्हणून तिनं, बिंदुमाधव पुढं होईपर्यंत, भरलेला तांब्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर रिकामा केला. मग दुसरा. मग उलटा धरून पाठीवर तिसरा. कॅमेऱ्यानं सगळं मुकाट्यानं सोसलं. पाणी निथळलं, पडदा चालूच होता. बिंदुमाधवनं सुटकेचा निःश्वास टाकला, कॅमेरा उचलला आणि जन्मात पहिल्यांदा त्याला घेऊन देवघराचा उंबरा ओलांडला.

आत उदबत्तीचा वास, समयांचा उजेड, दोन हातांवर आत्या. ती देवाकडे वळली. बिंदुमाधवनं कॅमेरा डोळ्याला लावला. एवढ्यात लेन्समधून गुळगुळ असा आवाज आला आणि कॅमेरा आपोआप फोटो काढायला लागला. खटखटखटखट! बिंदुमाधवनं बटण सोडलं, थांबेना. बंद केला, थांबेना. छताचे फोटो, धोतराचे फोटो, समईचे फोटो. लेन्स आत-बाहेर करायला लागली, कडेनं पाणी ठिबकायला लागलं.

"श्रीविद्या!" बिंदुमाधव ओरडला. "पाणी शिरलं! पंचा आण!"

श्रीविद्या स्वयंपाकघरात होती, पारोशी, गाऊनमध्ये. नवऱ्याच्या आवाजानं तिला वाटलं नळ फुटला. ती फरशी पुसायचं फडकं घेऊन धावली ती सरळ देवघरात शिरली आणि तिनं ते फडकं कॅमेऱ्यासकट नवऱ्याच्या दोन्ही हातांवर दाबलं.

काय झालं हे तिला फडकं दाबल्यावर कळलं. देवघरात, पूजेत, पारोशी, फरशीच्या फडक्यासकट! फडकं तिच्या हातातून खाली गळलं.

तुंगात्या वळली. एका हातात घंटा, दुसरा हात वर, बोट रोखलेलं, डोळे असे की शाळेच्या तीन मजल्यांवर एकदम शांतता पसरावी. "शिवू नको!" तिनं अशी गर्जना केली की समोर हयग्रीवरावांच्या व्हरांड्यात डेलियाची कुंडी पडली असं ते अजून सांगतात. कॅमेऱ्यानं आणखी एकदा खट केलं. मग त्याचा पडदा निळा झाला, हिरवा झाला आणि कायमचा काळा झाला.

त्या दिवशी सगळं पुन्हा झालं, आंघोळी, देवघर धुणं, पूजा. कॅमेऱ्याला मात्र कुणी पुन्हा आंघोळ घातली नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यानं विचारलं, "पाणी कसं शिरलं सर?" बिंदुमाधवनं खरं सांगितलं. त्या माणसानं कॅमेरा दोन बोटांनी परत केला आणि वॉरंटीविषयी अवाक्षर काढलं नाही.

कार्ड तेवढं वाचलं होतं. संध्याकाळी श्रीविद्यानं ते टीव्हीला लावलं, कारण बिंदुमाधवला धीर होत नव्हता. तो सोफ्यावर उशी पोटाशी धरून बसला होता. नवा कॅमेरा गेला याचं दुःख होतंच. पण आत्यानं एक गोष्ट मागितली आणि ती आपल्याला देता आली नाही, हे त्याहून वाईट होतं. छत आलं. धोतर आलं. पुन्हा छत. श्रीविद्याचं फडकं. आणि मग पडद्यावर तुंगात्या आली.

मागं समयांचा सोनेरी उजेड, पांढरे केस, घंटा उचललेली, बोट सरळ बघणाऱ्याच्या छातीवर रोखलेलं, तोंड "शिवू" वर उघडं. कॅमेऱ्यानं मरता मरता तिचा डोळा बरोबर पकडला होता. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. अशी आत्या बिंदुमाधवनं जन्मभर पाहिली होती, आणि अशी ती कुठल्याच फोटोत नव्हती.

"डिलीट करते हं," श्रीविद्या घाईघाईनं म्हणाली. "राक्षसिणीसारख्या... म्हणजे, लाईट नीट नाही."

"थांब," आत्या म्हणाली. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. किती तरी वेळ स्वतःकडे बघत राहिली. "हाच लाव."

"आत्या, ओरडतेयस गं यात."

"मग? मी आणखी काय केलंय जन्मभर? हसरा फोटो लावलास तर लोक म्हणतील, ही कोण बाई." मग ती टीव्हीपासून मागं वळली. "मी गेल्यावर या घरात ओरडणारं कोण आहे रे? तू बायकोशी हळू बोलतोस, ती तुझ्याशी हळू बोलते. तुम्हा दोघांना कुणीतरी ओरडायला नको? चांगला काढलास."

"मी नाही काढला," बिंदुमाधव म्हणाला. क्वालिटीचा माणूस, खोटा शिक्का मारवेना. "आपोआप निघाला."

"कॅमेरा कुणाचा? धरला कुणी? मग तूच काढलास. गणितात उत्तर बरोबर आलं की मार्क देते मी, रीत कशीही असो." हे साफ खोटं होतं. रीत चुकली म्हणून तिनं अर्ध्या म्हैसूरला नापास केलं होतं. बिंदुमाधवला रडू आलं आणि त्यानं ते उशीत लपवलं.

फोटो मोठा करून, फ्रेम होऊन आला तेव्हा तो कपाटात जपून ठेवायला निघाला. आत्यानं अडवलं. "आत्ता लाव."

"जिवंत माणसाचा लावत नाहीत गं!"

"मी गेल्यावर लावलास आणि तिरका लावलास तर सांगणार कोण? चढ स्टुलावर. डावीकडून वर. अजून. अजून. हां." तिनं लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, आणि समाधानानं कमरेवरचे हात काढले. "झालं. आता मी जरा पडते. काही चुकलं तर ती भिंतीवरची बघून घेईल."

आणि खरंच, भरदुपारी तुंगात्या आपल्या खोलीत जाऊन आडवी झाली. हे या घरात आजवर कधी झालं नव्हतं. थोड्याच वेळात तिच्या घोरण्याचा आवाज यायला लागला.

तेवढ्यात हयग्रीवराव चपला फटफटवत थेट हॉलमध्ये आले. "लावलात म्हणे फोटो? कुठं? माझं ऐका, असल्या फोटोला..." म्हणत त्यांनी मान वर केली. समोर तुंगात्याचं बोट त्यांच्या छातीवर रोखलेलं होतं. मग ते हळूच मागं फिरले, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट लावल्या, आणि अंगणातल्या नळावर जाऊन पाय धुवायला लागले.